आधी किडीचे डोके, मग फवारणी

मक्याच्या पोंग्यातून अळी बाहेर काढा आणि तिच्या डोक्यावर उलटा ‘वाय’ दिसतो का ते बघा, ही सूचना गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या मका पिकवणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांच्या कानांवर पडली आहे. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६मध्ये आफ्रिकेत पोचली. मे २०१८मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्याजवळच्या मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात उतरली. तिला बाकीच्या अळ्यांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून कृषी विद्यापीठांनी आणि कृषी खात्याने पत्रके काढली, सभा घेतल्या. कीटकाच्या डोक्याकडे बघायला सामान्य शेतकऱ्याला एवढ्या मोठ्या प्रमाणावर सांगितले गेले ते या निमित्ताने. मक्यापुरती लागलेली ही सवय सोयाबीन, तूर, हरभरा आणि करडईच्या रानात का येऊ नये, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न चाकूर तालुक्याच्या शिवारातून तपासण्यासारखा आहे. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या तालुक्यात, म्हणजे नळेगाव, चापोली, वडवळ नागनाथ, लातूर रोड या पट्ट्यात, खरिपाचा मोठा भाग सोयाबीनखाली असतो. त्यात तुरीचे तास असतात. रब्बीत हरभरा, ज्वारी, करडई. बहुतेक शेती पावसावर अवलंबून. अशा शेतीत फवारणीचा प्रत्येक पंप हा उधारीचा खर्च असतो. तरीही ‘पानाला भोकं पडलीत’ किंवा ‘शेंडे सुकायलेत’ एवढ्या वर्णनावर कृषी सेवा केंद्रातून दोन-तीन औषधे एकदम घेतली जातात आणि एकाच टाकीत कालवून मारली जातात. पानावरचे भोक एवढेच सांगते की कोणीतरी खाऊन गेले. खाणारा कोण, तो कसा खातो, त्याचे वय किती, पिकाचा ठाव तो कशाने काढतो आणि कोणते औषध त्याच्या पोटात जाईल, या सगळ्याची उत्तरे किडीच्या डोक्यावर असतात. ती वाचायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते.

डोक्याची ठेवण

कीटकाच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. यातले डोके हे अनेक खंड एकमेकांत मुरून तयार झालेली कठीण डबी आहे. डबीच्या वरच्या भागाला माथा म्हणतात, समोरच्या भागाला कपाळ आणि डोळ्यांखालच्या बाजूंना गाल. कपाळाच्या खाली एक आडवी पट्टी असते. शास्त्रीय पुस्तकांत तिला क्लायपियस म्हणतात. तिलाच वरचा ओठ लटकलेला असतो. ओठाच्या मागे जबड्यांची जोडी, त्यामागे सहायक जबडे आणि सर्वांत मागे खालचा ओठ. सहायक जबड्यांना आणि खालच्या ओठाला बारीक बोटांसारखे अवयव असतात. त्यांनी कीटक अन्न चाचपतो आणि चाखतो. रॉबर्ट स्नॉडग्रास या अमेरिकी अभ्यासकाने १९३५च्या आपल्या ग्रंथात कीटकांच्या शरीररचनेची जी मांडणी केली, तिच्या आधारावर हा विषय आजही शिकवला जातो.

तोंड कोणत्या दिशेला आहे हेही पाहायचे असते. नाकतोड्याचे आणि पाने खाणाऱ्या अळीचे तोंड खाली वळलेले असते, कारण ते ज्यावर बसतात तेच खातात. शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांचे तोंड पुढे रोखलेले असते. तुडतुडे, मावा, पांढरी माशी आणि ढेकूण यांची सोंड मागे वळून छातीखाली दुमडलेली असते. रस शोषताना ती खाली रोवली जाते. पान उलटवून एवढी एक गोष्ट पाहिली तरी समोरची कीड पान कुरतडणारी आहे, रस ओढणारी आहे की दुसऱ्या किडीला खाणारी आहे, हे बहुतेक वेळा कळते.

लष्करी अळीच्या डोक्यावरचा उलटा ‘वाय’ याच डबीवरच्या शिवणींचा आहे. माथ्यावरून खाली येणारी शिवण कपाळाच्या वरच्या टोकाशी दुभंगते आणि कपाळाच्या त्रिकोणाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. कात टाकताना डोक्याचे जुने कवच याच भागातल्या रेषांवर उकलते. त्यामुळे ही खूण जवळजवळ सगळ्याच अळ्यांच्या डोक्यावर थोडीफार असते. लष्करी अळीत ती फिकट रंगाची आणि ठळक दिसते, एवढाच फरक. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीचे डोके काळे असल्याने तिच्यावर खूण दिसतही नाही. म्हणून डोक्यावरच्या खुणेबरोबर शेपटाकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपकेही पाहावे लागतात. दोन्ही खुणा जुळल्या तरच निदान पक्के. पत्रकावर छापलेली एक खूण पाठ करण्यापेक्षा डोक्याची ठेवण समजून घेणे जास्त उपयोगी पडते, ते यासाठीच.

कुरतडणारे जबडे

सोयाबीनवरची तंबाखूची पाने खाणारी अळी, उंटअळी, केसाळ अळी आणि घाटेअळी या सगळ्यांच्या तोंडाची ठेवण एकाच घाटाची आहे: दोन बळकट, दातेरी जबडे आडवे मिटतात आणि पानाचा तुकडा तोडतात. अनेक कीटकांच्या जबड्यांच्या धारेत जस्त किंवा मँगनीज साठलेले असते, त्यामुळे ती धार लवकर बोथट होत नाही. शरीर इतके मऊ की बोटाने चिरडावे, पण डोके मात्र टणक, कारण खाण्याचे सगळे बळ तिथे लावायचे असते.

२००८च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यातल्या सोयाबीनने या जबड्यांचा तडाखा अनुभवला. पाने खाणाऱ्या अळ्यांनी लाखो हेक्टरांवरचे पीक झोडपले. त्यातून धडा घेऊन राज्याने २००९-१०पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीडरोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू केला. शेतात जाऊन अळ्या मोजायच्या, आकडे कळवायचे, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणीचा सल्ला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. कीड दिसली की मारायचे औषध, या सवयीला सरकारी पातळीवर पर्याय उभा राहिला तो इथे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या भागासाठी जे सल्ले देते, त्यातही एक मीटर ओळीत किती अळ्या हेच माप असते.

जबडे असलेल्या किडीचा मोठा फायदा म्हणजे तिच्यासाठी पोटातून काम करणारी सौम्य अस्त्रे उपलब्ध आहेत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू किंवा घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, पानावर फवारला की अळी तो पानाबरोबर गिळते. विषाणूने आजारी पडलेली अळी शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. ही दोन्ही अस्त्रे गिळल्याशिवाय चालत नाहीत. म्हणून सोंड खुपसून आतला रस ओढणाऱ्या किडीवर त्यांचा काही उपयोग नाही. नोमुरिया रिलेयी ही बुरशी मात्र अळीच्या कातडीतून आत शिरते. पावसाळी दमट हवेत सोयाबीनवर पांढुरक्या-हिरवट बुरशीने कडक झालेल्या अळ्या दिसतात, त्या बहुतेकदा तिनेच मारलेल्या असतात. अशा अळ्या दिसल्या तर निसर्ग आपले काम आधीच करतो आहे असे समजून रासायनिक फवारणी थांबवून पाहावी.

निंबोळी अर्काचे काम आणखी निराळे. १९६२च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. पुढे १९६८मध्ये त्यातले आझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. टोळाच्या आणि अळ्यांच्या तोंडाभोवतीच्या चव घेणाऱ्या अवयवांना ते जाणवते आणि कीटक खाणे थांबवतो. निंबोळी अर्क मारल्यावर अळ्या लगेच मरून पडत नाहीत म्हणून तो टाकाऊ समजला जातो. खाणे बंद होणे आणि कात टाकण्यात बिघाड होणे हाच त्याचा परिणाम आहे. मेलेल्या अळ्या मोजून त्याची परीक्षा होत नाही. खरिपाआधी गावातल्या निंबोळ्या गोळा करून ठेवणे ही चाकूरसारख्या भागात सर्वांत स्वस्त तयारी आहे.

हरभऱ्यावरच्या आणि तुरीवरच्या घाटेअळीची ओळख तर डोक्यावरूनच पटते. ती घाट्याला किंवा शेंगेला भोक पाडते, डोके आत घालते आणि बाकीचे शरीर बाहेर ठेवून दाणे खाते. एक घाटा संपला की दुसरा. अशा स्थितीतली अळी शेतात दिसू लागली की पानावर फवारलेले पोटविष तिच्यापर्यंत पोचायची संधी कमी होत जाते, कारण तिचे तोंड आता पानावर नसते. फुलोऱ्याच्या सुरुवातीला, अळी लहान आणि पानावर असतानाच तिला गाठायचे असते.

डोक्याची रुंदी म्हणजे वय

अळीचे शरीर खाल्ल्यावर फुगते, उपाशी राहिल्यावर आक्रसते. डोक्याची डबी तशी नाही. एक कात टाकल्यापासून दुसरी टाकेपर्यंत तिची रुंदी बदलत नाही. १८९०मध्ये हॅरिसन डायर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने अनेक जातींच्या अळ्यांची डोकी मोजली आणि दाखवले की प्रत्येक कातीनंतर डोक्याची रुंदी ठरावीक पटीने, साधारण १.४ पट, वाढते. त्यामुळे रुंदी मोजली की अळी कोणत्या अवस्थेत आहे ते सांगता येते.

लष्करी अळीच्या सहा अवस्थांमधली डोक्याची रुंदी साधारण ०.३५, ०.४५, ०.७५, १.३, २ आणि २.६ मिलिमीटर असते. पाच कातींत ती सातपटीहून जास्त वाढते. तिच्या आयुष्यातल्या एकूण खाण्यापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक खाणे एकट्या शेवटच्या अवस्थेत होते, तर पहिल्या तीन अवस्थांचे मिळून खाणे दोन टक्क्यांच्याही आत राहते. पिकाचे नुकसान डोळ्यांत भरू लागते तेव्हा अळीचे डोके दोन मिलिमीटरच्या पुढे गेलेले असते. तोवर ती पोंग्यात खोल शिरलेली असते, विष पचवायला अधिक समर्थ झालेली असते आणि लवकरच कोषात जाण्यासाठी मातीत उतरणार असते. या टप्प्यावर मारलेले महागडे औषध पैशांचे आणि मित्रकीटकांचे नुकसान करते, पीक मात्र वाचवत नाही. फवारणीचा दिवस ठरवायला हे माप दिनदर्शिकेहून खात्रीचे आहे, आणि सोयाबीनवरच्या अळ्यांनाही तेच तत्त्व लागू पडते.

सोंड आणि तिच्यातून येणारा रोग

२०२३च्या खरिपात लातूर-नांदेडच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक मोठ्या प्रमाणावर दिसला. शेतेच्या शेते पिवळी पडली. हा विषाणूचा रोग, आणि त्याला झाडावरून झाडावर नेते ती पांढरी माशी. माशी एवढीशी, जेमतेम एक मिलिमीटर. तिचे तोंड पाहिले की रोग एवढ्या वेगाने का पसरतो ते कळते. जबडे आणि सहायक जबडे यांच्या चार बारीक सुया झालेल्या असतात. त्यातल्या आतल्या दोन एकमेकींत अडकून दोन नळ्या बनवतात: एका नळीतून लाळ झाडात जाते, दुसरीतून रस वर येतो. रसाबरोबर विषाणू माशीच्या पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडतो, लाळग्रंथीत पोचतो आणि पुढच्या झाडावर सुई रोवली की लाळेबरोबर बाहेर पडतो. एकदा विषाणू आत गेला की माशी बराच काळ रोग वाहत राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, रोग लागलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. सुरुवातीची पिवळी झाडे उपटून नष्ट करणे हाच खरा उपाय. दुसरी, रस ओढणाऱ्या तोंडापर्यंत पोचणारे औषध झाडाच्या रसातूनच जावे लागते. म्हणून बीजप्रक्रिया आणि आंतरप्रवाही औषधे इथे कामाला येतात, पोटविष नाही. पेरणीच्या वेळी केलेल्या बीजप्रक्रियेने पहिले काही आठवडे पांढरी माशी आणि खोडमाशी दोघींपासून संरक्षण मिळते. झाडे पिवळी पडल्यावर मारलेल्या चार फवारण्यांपेक्षा तो खर्च कितीतरी कमी असतो.

कापसाच्या इतिहासातही तोंडाचा हाच फरक दिसून आला. २००२मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बोंडअळ्यांवरच्या फवारण्या सुरुवातीला घटल्या. बीटीचे विष रस शोषणाऱ्या किडींना लागू पडत नाही. त्यामुळे नांदेडपासून विदर्भापर्यंतच्या कापसात तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठीच्या फवारण्या पुन्हा वाढल्या.

सोंडेच्या किडींतही भेद आहेत. मावा झाडाच्या ज्या नळ्यांतून साखरेचा रस वाहतो त्यांत सुई रोवतो. तिथला रस आधीच दाबाखाली असल्याने तो फारसे न ओढता वर येतो. जास्तीची साखर माव्याच्या पोटातून बाहेर पडते, पाने चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या येतात. करडईवरच्या काळ्या माव्याने चाकूरच्या रब्बीत हेच होते. याउलट जे कीटक मुळांकडून वर येणारे पाणी ओढतात, त्यांना उलट्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. त्यांचा चेहरा म्हणजे कपाळाखालची क्लायपियसची पट्टी फुगीर असते, कारण रस खेचणारे बळकट स्नायू तिच्या आत जोडलेले असतात. चेहरा फुगलेला दिसला की हा कीटक झाडातले पाणी पितो, असा अंदाज बांधता येतो.

करडईवरचा मावा प्रथम शेताच्या कडेच्या झाडांवर येतो आणि मग आत पसरतो. पीक वेळेवर पेरले तर त्याचा मारा कमी होतो. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या आणि कडेच्या झाडांचे शेंडे भिंगाखाली पाहिले, तर पूर्ण शेताऐवजी फक्त कडा फवारून भागते.

फुलकिड्याचे तोंड तर या सगळ्यांहून विचित्र: त्याला जबडा एकच, डावा. उजवा वाढतच नाही. या एका जबड्याने तो पेशीला भोक पाडतो आणि बाकीच्या सुयांनी आतले द्रव ओढतो. म्हणून त्याने खाल्लेल्या पानावर चांदीसारखे चट्टे दिसतात, भोके दिसत नाहीत. असे चट्टे पाहून अळीचे औषध मारणे म्हणजे निव्वळ वाया घालवणे.

जिथे डोके हाती लागत नाही

भिंगाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. सोयाबीनच्या खोडमाशीची अळी खोडाच्या आत असते आणि तिचे डोके आक्रसून छातीत गेलेले असते. तोंडाच्या जागी फक्त काळे आकडे दिसतात. त्या आकड्यांनी ती खोडाचा गाभा पोखरते. झाड उभे असताना ते बाहेरून धडधाकट दिसते. खोड उभे चिरल्यावर आत लालसर बोगदा सापडतो. तुरीच्या शेंगमाशीचेही तसेच. दाणा आतल्या आत खाल्ला जातो आणि अळी कोषात जाण्याच्या सुमारास शेंगेवर खिडकीसारखा बारीक पापुद्रा दिसतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो. अशा किडींसाठी काही झाडे चिरून पाहणे आणि पिकाची अवस्था ओळखून उपाय करणे हाच मार्ग उरतो.

चक्रीभुंगा मात्र मधल्या जागी आहे. त्याची अळी खोडात असली तरी प्रौढ भुंगा बाहेर असतो. अंगाला शोभणार नाहीत एवढ्या लांब त्याच्या मिशा असतात, त्यामुळे तो चटकन ओळखता येतो. मादी देठावर किंवा खोडावर जबड्यांनी दोन चक्रे कोरते आणि त्यांच्या मधल्या भागात अंडे घालते. वरचा भाग सुकून लटकतो. सुकलेला शेंडा दिसताच तो चक्राच्या खाली खुडून नष्ट केला तर आतले अंडे किंवा अळी तिथेच संपते. औषधाचा खर्चही लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. २०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन खाऊन टाकले आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. गोगलगाय कीटकच नाही. तिला जबड्यांची जोडी नाही. असंख्य सूक्ष्म दातांची पट्टी असते, तिने ती पान खरवडते. किडीसाठीची नेहमीची औषधे तिच्यावर चालत नाहीत. तिला गोळा करून नष्ट करणे किंवा खास गोळ्यांचे आमिष ठेवणे हेच उपाय. त्या वर्षी सुरुवातीला अनेक ठिकाणी कीटकनाशकांवर पैसे खर्च झाले. खाणारा कोण हे आधी पाहिले असते तर तो खर्च वाचला असता.

मिशा आणि डोळे

डोक्यावर तोंडाइतक्याच महत्त्वाच्या असतात मिशा. नर पतंग मिशांनी मादीचा वास हुंगतो. १९५९मध्ये अडॉल्फ बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुमारे पाच लाख रेशीम पतंगांच्या माद्यांपासून असा पहिला वास वेगळा काढला. त्यातूनच पुढे कामगंध सापळे आले. घाटेअळीच्या मादीचा कृत्रिम वास असलेली गोळी सापळ्यात ठेवली की नर तिच्याकडे येतात आणि अडकतात. हेक्टरी पाच सापळे निरीक्षणासाठी पुरतात. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग मिळू लागले की अंडी आणि लहान अळ्या शोधायची वेळ झाली असे समजावे. दर किडीला वेगळी गोळी लागते, कारण प्रत्येक जातीच्या मिशा आपल्याच वासाला ओळखतात. हरभऱ्यात तंबाखूच्या अळीची गोळी लावून सापळा रिकामा राहिला म्हणजे घाटेअळी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

डोळ्यांचाही उपयोग होतो. पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते, फुलकिडे निळ्या रंगाकडे. म्हणून पिवळे आणि निळे चिकट सापळे. एक सापळा शेतात लावला की त्यावर चिकटलेले कीटक भिंगाने पाहता येतात. मुलांना कीटकांची डोकी दाखवायला यापेक्षा सोपी प्रयोगशाळा नाही.

मित्रांचीही डोकी ओळखा

डोके पाहण्याचा मोठा फायदा हा की आपल्या बाजूने लढणारे कीटक ओळखता येतात. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, शत्रूसारखी दिसते, पण तिचे जबडे मावा खातात. क्रायसोपाच्या अळीला विळ्यासारखे पोकळ जबडे असतात. ते माव्यात खुपसून ती त्याचा रस ओढते. तिचे चालणे आणि जबडे पाहिले की चूक होत नाही. शिकारी ढेकणाची सोंड जाड आणि वाकलेली असते. पिकाचा रस ओढणाऱ्या ढेकणाची बारीक आणि सरळ. करडईच्या शेंड्यावर मावा असेल आणि त्यात या शिकाऱ्यांचे प्रमाण चांगले असेल, तर फवारणी लांबवून पाहणे शहाणपणाचे.

महाराष्ट्राने याचा मोठा अनुभव घेतलेला आहे. २००२मध्ये ऊसावर पांढऱ्या लोकरी माव्याचे संकट आले आणि राज्यभर पसरले. रासायनिक फवारण्यांनी फारसे साधले नाही. डिफा आणि मायक्रोमस हे परभक्षी कीटक वाढले आणि शेतात सोडले गेले, तेव्हा हा मावा आटोक्यात आला. डिफा ही एका पतंगाची अळी. जबडे तेच, पण पान सोडून मावा खाणारे.

मधमाशीची गोष्टही इथेच सांगायला हवी. सूर्यफूल हे कधीकाळी लातूरच्या रब्बीचे महत्त्वाचे पीक होते आणि लातूरला विद्यापीठाचे गळीत धान्य संशोधन केंद्रही आहे. सूर्यफुलाचे दाणे भरायला मधमाश्या लागतात. मधमाशीच्या डोक्यात वासाची आणि जागेची आठवण ठेवणारा मेंदूचा भाग चांगला वाढलेला असतो. निओनिकोटिनॉइड गटातली काही कीटकनाशके नेमक्या मज्जातंतूंच्या याच व्यवस्थेवर काम करतात. त्यामुळे मरणार नाही एवढ्या प्रमाणातही माशीला परतीचा रस्ता सापडणे कठीण होते. युरोपीय संघाने २०१८मध्ये या गटातल्या तीन औषधांवर उघड्या शेतातल्या वापरासाठी बंदी घातली. आपल्याकडे ती वापरात आहेत, तेव्हा फुलोऱ्यात ती टाळणे आणि फवारणी संध्याकाळी करणे एवढे तरी पाळले पाहिजे.

चुकीची फवारणी माणसांपर्यंतही पोचते. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा बळी गेला. त्याला एकच कारण नव्हते; पिकाची उंची, हवा, संरक्षक कपड्यांचा अभाव, एकत्र मिसळलेली औषधे, अशी अनेक कारणे होती. पण गरज नसलेली प्रत्येक फवारणी हा एक टाळता येणारा धोका आहे, हे तरी त्यातून ठरले.

काय करता येईल

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. शेतकरी मोबाइलवर फोटो पाठवतो आणि संगणक कीड ओळखतो. ही चांगली सोय आहे, पण तिचे उत्तर फोटोइतकेच चांगले. खाल्लेल्या पानाचा फोटो पाठवला तर अंदाज मिळेल. किडीच्या डोक्याचा जवळून, स्पष्ट फोटो पाठवला तर निदान मिळेल. दहापट भिंगातून मोबाइलने फोटो काढता येतो. हे भिंग औषधाच्या लहानशा बाटलीपेक्षा स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षे टिकते.

गावपातळीवर तीन कामे लगेच करता येतील. पहिले, कृषी सहायकांनी आणि क्रॉपसॅपच्या सर्वेक्षकांनी अळ्यांच्या संख्येबरोबर त्यांच्या डोक्याच्या रुंदीचा गटही नोंदवावा. लहान की मोठी एवढ्या दोन गटांनीही सल्ल्याची वेळ अचूक होईल. दुसरे, शाळेत आणि महाविद्यालयात कीटकाची शरीररचना शिकवताना झुरळासोबत चाकूरच्या शेतातली उंटअळी, तुडतुडा आणि मावा यांची डोकी दाखवावीत. हे विद्यार्थी संध्याकाळी आपल्याच शेतात जातात. तिसरे, कृषी सेवा केंद्रात औषध मागायला येणाऱ्याला ‘कीड कशी दिसते, तोंड कसे आहे’ हा प्रश्न आधी विचारला जावा, आणि शेतकऱ्यानेही किडीचा नमुना बाटलीत घेऊन जाण्याची सवय लावून घ्यावी.

कुरतडणाऱ्या जबड्याला गिळायचे औषध, रस ओढणाऱ्या सोंडेला झाडातून जाणारे, खोडात दडलेल्या अळीला बीजप्रक्रिया आणि खुडणी, गोगलगायीला हातांनी वेचणे, आणि शिकारी जबड्याला अभय: एवढी पाच वाक्ये चाकूरच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असली तर पंपांची संख्या निम्म्यावर आणणे अवघड नाही. त्यातले प्रत्येक वाक्य किडीच्या डोक्यापासून सुरू होते. येत्या खरिपात पहिली फवारणी ठरवण्याआधी दहा झाडे तपासा, कीड हातात घ्या आणि तिचे तोंड बघा. औषध घ्यायचे का, कोणते आणि कधी, हे त्यानंतर ठरवा.